रक्तात नैराश्य शोधताना

नैराश्यासाठी डॉक्टर रक्त तपासायला सांगतात ते बहुधा थायरॉइड किंवा बी-१२चा घोळ नाही ना, हे बघायला. खुद्द नैराश्य दाखवणारी चाचणी अजून नाही. एकदा मात्र ती हाती लागल्यासारखी वाटली होती.

या शोधाचा एक धागा मुंबईतून जातो. 1949 मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबावर गुणकारी असल्याचं ब्रिटिश नियतकालिकात मांडलं. तिच्यातलं रेसर्पिन जगभर वापरात आलं आणि ते घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागले. रेसर्पिन मेंदूतलं सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन रिकामं करतं, हेही कळलं. मग या रसायनांचे अवशेष लघवीत मोजणं सुरू झालं. पण निरोगी आणि आजारी माणसांचे आकडे एकमेकांत मिसळलेलेच निघाले.

खरी आशा लावली ती डेक्सामेथासोनने. (हो, कोविडमध्ये घरोघरी पोहोचलेलं तेच.) हे स्टेरॉइड दिलं की निरोगी शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी करतं. तीव्र नैराश्यात ते कमी होत नाही, असं बर्नार्ड कॅरोल यांच्या गटाने 1968 मध्ये मेलबर्नमधून दाखवलं. 1981 मध्ये रीत ठरली : रात्री 11 वाजता 1 मिलिग्रॅम गोळी, दुसऱ्या दिवशी दुपारी 4 आणि रात्री 11 वाजता रक्त, आणि कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर 'मेलँकोलिया', म्हणजे नैराश्याचा एक विशिष्ट, तीव्र प्रकार. अशा रुग्णांपैकी 67 टक्के त्यात सापडत.

पुढे स्मृतिभ्रंश, घटलेलं वजन, सुटलेली दारू यांतही चाचणी 'पॉझिटिव्ह' येऊ लागली आणि ती मागे पडली. माझ्या मते दोष एकट्या चाचणीचा नव्हता. कॅरोल मेलँकोलियाबद्दल बोलत होते. मनोविकारांच्या 1980च्या अमेरिकी वर्गीकरणाने मात्र नाना तऱ्हेचं नैराश्य एकाच नावाखाली आणलं होतं. एवढ्या मोठ्या गाठोड्याला एक संप्रेरक कुठून पुरणार?

जनुकांचंही तसंच झालं. वर्षानुवर्षं चर्चेत असलेली 18 जनुकं 2019 मध्ये लाखो लोकांच्या माहितीत तपासली, तेव्हा इतर कुठल्याही जनुकांहून नैराश्याशी त्यांचं नातं अधिक दिसलं नाही.

आता प्रश्न आटोपशीर केला जातोय : हे साधं नैराश्य की बायपोलर, म्हणजे नैराश्य आणि उन्माद दोन्हींचे झटके येणारा आजार? बायपोलरची सुरुवात अनेकदा नैराश्यानेच होते, आणि नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी उन्माद उसळू शकतो. केंब्रिजच्या संशोधकांनी 2023 मध्ये बोटातून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबात सेरामाइडसारखे स्निग्ध पदार्थ मोजले. एकट्या रक्तावर बायपोलरचे 30 टक्क्यांपर्यंत रुग्ण ओळखता आले. प्रश्नावलीची जोड दिल्यावर निकाल सुधारला.