काटकोनी वळण सिग्नल मारत नाही

‘पीसीबीवर (सर्किटच्या छापील बोर्डावर) ट्रॅक, म्हणजे तांब्याची रेघ, ९० अंशांत वळवला की वेगवान सिग्नल तिथून परत फिरतो’ हे वाक्य पिढ्यानपिढ्या नव्या लेआउट डिझायनरच्या कानावर पडतं. जणू इलेक्ट्रॉन घाटातल्या एसटीसारखे वळणावर घसरतात!

हिशोब करू. ०.१५ मिमी रुंदीच्या, ५० ओहमच्या ट्रॅकवर काटकोनामुळे साधारण १५ फेमटोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढतो. परिणाम: अर्ध्या पिकोसेकंदाहूनही (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) कमी उशीर. आता १०० गिगाबिट बॅकप्लेन (यंत्रातली अनेक कार्डं जोडणारा मोठा बोर्ड) इथरनेटच्या चार लेनपैकी, म्हणजे समांतर वाहिन्यांपैकी, एकीवर, २५.७८ गिगाबिट वेगाने, एक बिट सुमारे ३९ पिकोसेकंदांचा असतो; त्यापुढे हा उशीर नगण्य. (डिफरन्शियल जोडीत, म्हणजे एकच सिग्नल सुलट-उलट वाहणाऱ्या दोन तारांत, वळणाच्या बाहेरची तार लांब पडते, ती भरपाई मात्र करावीच, पण ४५ अंशांच्या वळणांनीही ती टळत नाही.)

खरा चोर जाड बॅकप्लेनच्या व्हायात, म्हणजे बोर्डचे थर जोडणाऱ्या, आतून तांबं चढवलेल्या छिद्रात. सिग्नल वरच्या थरांतच बाहेर पडला, तर खाली लोंबणारं व्हायाचं शेपूट, म्हणजे स्टब, पाव तरंगलांबीला अनुनाद देतं. बोर्डच्या साहित्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (यावर सिग्नलचा वेग ठरतो) ४ धरला, तर ३ मिमी स्टबचा खड्डा, म्हणजे सिग्नल गिळला जाण्याची जागा, येतो १२.५ गिगाहर्ट्झला, नेमका त्या लेनच्या १२.८९ गिगाहर्ट्झ नायक्विस्टच्या (बिटवेगाच्या निम्म्या वारंवारतेच्या) शेजारी. सिम्युलेशनमध्ये म्हणून आधी स्टबची लांबी बदलून पाहा, आणि बॅक-ड्रिलिंगचा (स्टब ड्रिलने कोरून काढण्याचा) खर्च तिथे करा.