दावा वेगळा, फिर्याद वेगळी

"आम्ही केस टाकली" असं कोणी म्हणालं की मी विचारतो, दावा लावलात की फिर्याद दिलीत? समोरचा गडबडतो. मराठीत दोन नेमके शब्द होते, दिवाणी वादाला दावा आणि गुन्ह्याच्या तक्रारीला फिर्याद. 'केस'ने दोन्ही गिळले.

दाव्याबद्दल फार सांगायला नको. वाटपाचा, बांधाचा, वहिवाटीचा एखादा दावा बहुतेकांच्या भावकीत कोणी ना कोणी लढलेलाच असतो. वादी, प्रतिवादी, मनाई हुकूम, तारखांवर तारखा. प्रतिवादीला 'आरोपी' मात्र म्हणू नका, आणि वकिलाच्या नोटिशीला 'कोर्टाची नोटीस' तर नकोच नको. दावा वादीचा असतो. कंटाळा आला तर तो काढूनही घेता येतो.

फिर्यादीचं तसं नाही, आणि लोक फसतात ते इथेच. ठाण्यात गुन्हा नोंदला गेला की पुढचा खटला तुमच्या हातात राहत नाही. कागदावर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असं येतं, बाजू सरकारी वकील मांडतात आणि फिर्यादी उरतो साक्षीदारापुरता. भावांचा समेट झाला, ठाण्यात अर्ज दिला, "फिर्याद मागे घेतली" म्हणून पेढे वाटले, आणि मग साक्षीचं समन्स दारात! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 320) तडजोडपात्र गुन्ह्यांची यादी आहे. त्यातल्या काहींना तर कोर्टाची परवानगीही लागते. गुन्हा यादीबाहेरचा असेल तर तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालय गाठावं लागतं. खून, दरोड्याला तिथेही समेट पुरत नाही.

एनसीलाही लोक फिर्याद समजतात. ती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत.

खरी गंमत चेक न वटण्याची. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमधलं (चेक, हुंडी वगैरेंचा कायदा) कलम 138 फौजदारी, पण एफआयआर नाही. तक्रारदार स्वतः मॅजिस्ट्रेटकडे जातो आणि तडजोडही करू शकतो. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला 15 दिवस, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात तक्रार. ही मुदत हुकली की माणसं "केस गेली" म्हणून कपाळाला हात लावतात. अहो, गेली ती तक्रार. पैसे वसुलीच्या दिवाणी दाव्याला साधारण 3 वर्षं असतात.