परसात जाळलेला कचरा खरंच माडाला खत होतो का?

गोव्यात वाड्यावाड्यांवर आजही ऐकू येतं: ‘कचरा परसात जाळला की संपला, राख माडाला खत.’ यातलं अर्धंच खरं आहे. निव्वळ पातेऱ्याच्या, म्हणजे वाळून पडलेल्या पानांच्या, राखेत पोटॅश असतं आणि माडाला ते लागतंच. पण आता पातेऱ्याबरोबर दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, फुटका पीव्हीसी पाईपही आगीत जातो. परवा एका माडाच्या मुळाशी विझलेली राख काठीने उकरून पाहिली. आत काळे, चिकट गोळे आणि त्यांत पाकिटांचा चंदेरी पापुद्रा अडकलेला. हे कसलं खत! पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन ही विषारी रसायनं तयार होतात, आणि तो धूर सर्वांत आधी आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

‘मग सिमेंटच्या भट्टीतही जाळतातच ना?’ जाळतात. गोव्यातलं पुनर्वापर न होणारं प्लास्टिक गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जातं. पण तिथे भट्टीत सिमेंटचा कच्चा माल सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजतो, त्या उष्णतेत प्लास्टिक पुरतं जळतं. परसातली आग नुसती धुमसते, प्लास्टिक अर्धवट जळतं. शिवाय राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातली. पातेरा ओल्या कचऱ्याबरोबर खड्ड्यात कुजवा, माडाला तेच घाला. प्लास्टिक धुऊन, सुकवून पंचायतीच्या गाडीत द्या.