काठावरची साखर

शाळेत काठावर पास झालं तरी पेढे वाटता येतात. रक्तातली साखर काठावर आली की आपण पास की नापास, हेच कुणी धड सांगत नाही. माझ्या रिपोर्टवर उपाशीपोटीची साखर 109 आणि एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, 6.0 आलं. डॉक्टरांनी कागदावरून नजर फिरवली, "बॉर्डरला आहे. गोड कमी करा, चालायला लागा, सहा महिन्यांनी या," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाच्या अंदाजानुसार या काठावर भारतात 13.6 कोटी माणसं आहेत. इतक्यांशी सविस्तर बोलायला डॉक्टर आणायचे कुठून?

मुळात काठच दोन आहेत. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन उपाशीपोटी 100 ते 125 म्हणजे काठावर मानते, जागतिक आरोग्य संघटना 110 पासून मोजते. म्हणजे माझे 109 एकीकडे नापास, दुसरीकडे पास. उपाशीपोटी 126 किंवा एचबीएवनसी 6.5 झालं की तिथून पुढे मात्र मधुमेह, यावर दोघांचंही एकमत.

एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. दर महिन्याला तो तपासणं म्हणजे पैसे वाया. आणि एक गोम आहे: अंगात लोह कमी असेल तर साखर वाढलेली नसतानाही हा आकडा फुगतो. बाईच्या रिपोर्टवर 5.8 दिसलं तर घाबरण्याआधी त्याच कागदावरचं हिमोग्लोबिन वाचावं.

"पण मी तर बारीक आहे!" हे वाक्य मीही म्हणालो होतो. त्याचं उत्तर पुण्यातच सापडलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही याज्ञिकांना हेच दिसलं: वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र टिकून. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूंच्या कोठारात जाते. कोठारच लहान असेल तर माल रस्त्यावर पडून राहणार.

"गोड कमी करा" ऐकून मी चहातली साखर सोडली. दोन चमचे, म्हणजे जेमतेम 10 ग्रॅम. आणि सकाळची पोह्यांची बशी तशीच चालू ठेवली. 75 ग्रॅम कोरड्या पोह्यांत 55 ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात, आणि पोटात गेल्यावर त्यांचंही ग्लुकोजच होतं. एकादशीची साबुदाण्याची खिचडी तर बोलायलाच नको. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ स्टार्च, वर बटाटा. उपास कशाचा, ते साखरेला विचारावं.

शेवटी मी ग्लुकोमीटर आणला. पहिल्याच आठवड्यात त्यानं 241 दाखवले आणि माझी बोबडी वळली. नंतर लक्षात आलं, नुकताच हापूस चिरला होता आणि हात धुतले नव्हते. मशीननं बोटावरचा आंबा मोजला होता. हात साबणानं धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचलं तर 131. तसंही या मशीनमध्ये 15 टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणून एका आकड्यावर जीव टांगू नये. एकच पदार्थ दोन-तीनदा खाऊन ताडून बघावं.

मी पोह्यांनाच धरलं. नुसते पोहे, तासाभरानं 180 च्या आसपास. अर्धी बशी पोहे, आधी वाटीभर मटकीची उसळ, नंतर पंधरा मिनिटं पार्किंगमध्ये फेऱ्या: 145 ते 150. यात जादू काही नाही. प्रथिनं आणि तंतू आधी गेले की जठर सावकाश रिकामं होतं. आणि एरवी इन्सुलिननं दार ठोठावल्याशिवाय स्नायू साखर आत घेत नाहीत, पण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता दार उघडतो. पहाटे पर्वती चढणाऱ्यांविषयी मला आदर आहे, कोठार त्यानंच मोठं होतं. पण खाली उतरल्यावर मिसळ हाणून गाडीवर बसणार असाल, तर माझं मत पार्किंगला.

चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं काठावरच्या 531 जणांना तीन वर्षं पाहिलं. नेहमीच्या सल्ल्यावर सोडलेल्यांपैकी 55 टक्के मधुमेहात गेले. आहार-व्यायामाचा नीट पाठपुरावा झालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा फायदाही जवळपास तेवढाच, आणि दोन्ही एकत्र केल्यानं तो वाढला नाही. तरी ती गोळी मेडिकलवाल्याकडून परस्पर आणू नये. ती कुणाला द्यायची हे किडनी-बिडनी पाहून ठरतं. कारल्याच्या रसाबद्दल एवढंच, की तो पिऊन वर दोन जिलब्या खाणारे मी पाहिलेत. सारखी तहान, रात्री वारंवार लघवी, आपोआप वजन उतरणं, किंवा गरोदरपण असेल तर मात्र घरगुती प्रयोग बंद आणि सरळ दवाखाना.

सहा महिन्यांनी हे सगळे आकडे टिपलेली वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. एचबीएवनसी 5.8 होतं; 0.2 चा फरक मोजमापातलाही असू शकतो, त्यामुळे मी फारसा हुरळलो नाही. पण डॉक्टरांनी या वेळी पोह्यांचं पान दोनदा वाचलं, खुर्ची पुढे ओढली.

"रात्री जेवता कधी?"

"साडेदहा होतात."

"रात्री उशिरा इन्सुलिन मंदावतं," ते म्हणाले, आणि वहीच्या कोऱ्या पानावर स्वतःच्या पेननं 'आठ' लिहून खाली रेघ मारली.