काळा पडदा कोणत्या सालचा?

अडगळीतून जुना डेस्कटॉप बाहेर काढला, वीज दिली, पंखा घरघरला, दिवाही लागला; पडदा मात्र काळाच. अशा वेळी हात आधी स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. त्याआधी यंत्राचं साल पाहिलेलं बरं. १९८३ च्या संगणकावरचा काळा पडदा एक सांगतो, १९९८ च्या संगणकावरचा भलतंच.

१९७७ चा ॲपल टू आणि त्याच्या आगेमागे आलेले बरेच घरगुती संगणक टीव्हीच्याच तालावर चालत: सेकंदाला सुमारे १५,७०० आडव्या रेघा, म्हणजे १५.७ किलोहर्ट्झ. घोळ सुरू झाला १९८१ च्या ऑगस्टमध्ये. आयबीएम पीसी आला तोच दोन प्रकारच्या डिस्प्ले कार्डांचा (मॉनिटरला चित्र पाठवणाऱ्या बोर्डांचा) पर्याय घेऊन. नुसत्या अक्षरांचं एमडीए १८.४ किलोहर्ट्झवर चाले, रंगीत सीजीए १५.७ वर. ताल वेगळे, पण दोन्हींना नऊ पिनांचं सॉकेट अगदी एकसारखं! एकाची केबल दुसऱ्यात बिनदिक्कत बसायची. त्यातून आयबीएमच्या हिरव्या अक्षरांच्या मॉनिटरला आडव्या रेघांचा स्वतःचा ताल नव्हताच, तो कार्डाकडून यायचा. भलता ताल मिळाला तर आतला भाग तापून जळण्याची भीती असे. (या मॉनिटरला चालू-बंदचं बटणही नाही. वीज संगणकाच्या मागच्या सॉकेटातून मिळते, तेव्हा बटण शोधत बसू नये.)

कोणतं कार्ड बसवलंय हे त्या पीसीला आपोआप कळत नसे. मदरबोर्डवरच्या छोट्या स्विचांच्या रांगेतले पाचवा आणि सहावा त्यासाठी होते. कार्डात किंवा या जुळणीत गडबड असली की स्पीकरमधून एक लांब आणि दोन आखूड बीप. पडदाच बंद असेल तर तक्रार कानावाटेच करावी लागणार, हा विचार मला आजही शहाणपणाचा वाटतो.

सीजीएवर अक्षरं सरकताना पडदाभर पांढरे ठिपके उडतात. पहिल्यांदा पाहणारा मेमरी चिप बदलायला धावतो. वास्तविक कार्डावरच्या मेमरीला एका वेळी एकच दार. चित्र काढणारं सर्किट आत असताना प्रोसेसरही घुसला की ठिपके उडणारच. हा बिघाड नव्हे, जन्मखूण.

१९८४ च्या ईजीए कार्डाने २१.८ किलोहर्ट्झचा तिसरा ताल आणला, तोही त्याच नऊ पिनांवर. १९८७ मध्ये व्हीजीए आलं, तेव्हा पंधरा पिनांचं निराळं सॉकेट आणि ३१.५ किलोहर्ट्झ ठरले. अनेक ताल ओळखणारे मल्टिसिंक मॉनिटरही याच दशकातले. तरी संभाषण बहुतांशी एकतर्फीच राहिलं. संगणक चित्र पाठवायचा, पण समोरच्याला ते झेपतंय का हे त्याला नीटसं कळत नसे. मॉनिटरने आपली क्षमता केबलवरूनच सांगायची सोय व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ठरवली. म्हणून नव्वदीतल्या विंडोज यंत्रावर सुरुवातीची अक्षरं दिसून पडदा नंतर काळा पडत असेल, तर पिक्चर ट्यूबवर संशय घ्यायचं कारण नाही. कुणीतरी मॉनिटरला न पेलणारं रेझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढायचं तो वेग) निवडून ठेवलेला असू शकतो. विंडोज ९५ सुरू होताना एफ८ दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे साध्यात साध्या डिस्प्लेवर, जायचं आणि तिथून तो उतरवायचा.

खऱ्याखुऱ्या बिघाडांच्या खुणा वेगळ्या. मधोमध एकच आडवी रेघ दिसली तर पिक्चर ट्यूबमध्ये चित्र रेखणाऱ्या किरणाला वर-खाली नेणारं सर्किट गेलं. उभी रेघ दिसली तर डावी-उजवीकडचं. ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये वीजपुरवठा आणि पिक्चर ट्यूब चालवणारं सर्किट एकाच बोर्डावर होतं आणि पंखा नव्हता. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पिक्चर ट्यूबकडे जाणाऱ्या कनेक्टरचं सोल्डर तडकतं, की आली उभी रेघ. खोक्यावर थाप मारली की चित्र परत येतं, यावरूनच ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला सांधा, ओळखायचं. इलाज मात्र थाप नव्हे, सोल्डरचा डाग पुन्हा देणं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बोर्डावर सपाट बसणारे छोटे कपॅसिटर आले. त्यांतलं रसायन पाझरून तांब्याच्या वाटा खातं. अशा मॅकवर सुरू होताना दिसणाऱ्या हसऱ्या चेहऱ्याऐवजी काळे-पांढरे पट्टे उमटतात. हे काम करताना एवढं लक्षात असू द्यावं की रंगीत पिक्चर ट्यूबवर सुमारे २५,००० व्होल्ट असतात आणि वीज काढल्यावरही विद्युतभार बराच काळ टिकू शकतो. तो उतरवायची रीत जाणकाराच्या हाताखाली शिकलेली नसेल तर खोकं बंदच ठेवावं.

आज बहुतेक जण जुनं यंत्र सपाट मॉनिटरला जोडतात. यांतले पुष्कळसे मॉनिटर ३१ किलोहर्ट्झच्या खाली उतरत नाहीत, त्यामुळे सीजीएच्या काळातलं धडधाकट यंत्रही त्यांच्यावर काळंच दिसतं. मध्ये ताल बदलून देणारा कन्व्हर्टर टाकला की चित्र येतं, आणि लगेच नवी शंका: तपकिरी अक्षरं मळकट पिवळी का? कार्ड पाठवतं ते गडद पिवळंच. त्यातला हिरवा निम्मा करून तपकिरी बनवणारं सर्किट आयबीएमच्या रंगीत मॉनिटरमध्ये होतं, आणि ते त्याच्याबरोबरच भंगारात गेलं.