उतार १९७३ सालीच घसरला होता

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टोकोआ गावाजवळ ५७ मीटर उंचीचा धबधबा आहे. पायथ्याशी एक बायबल कॉलेज, आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला कॉलेजच्याच मालकीचं केली बार्न्स हे मातीचं धरण. उंची जेमतेम १२ मीटर. १९५७ साली तिथली वीजनिर्मिती थांबली आणि धरण नुसता तलाव म्हणून उरलं. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी, भर पावसात, मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास ते फुटलं. ३९ माणसं गेली. त्यांत लहान मुलंही होती.

मातीच्या भरावातून थोडा पाझर असतोच. तो नितळ आणि एकसारखा असेल तर घाबरण्याचं कारण नाही. गढूळ पाणी आलं, की आतली माती वाहून चालली आहे असं समजावं. मग बिळासारखी पोकळी खालच्या, म्हणजे तलावाच्या उलट बाजूच्या, उतारापासून तलावाकडे सरकत जाते. शिवाय भराव भिजला की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि उतार घसरतो. म्हणून खालचा उतार पसरट ठेवतात, दोनास एक (आडवं दोन, उभं एक) किंवा त्याहूनही सौम्य. केली बार्न्सचा उतार जवळपास एकास एक होता. फुटण्याचं एकच कारण चौकशीत ठामपणे सांगता आलं नाही, पण उताराची घसरण आणि पाझराने माती वाहून जाणं यांकडे बोट दाखवलं गेलं. १९७३ च्या एका छायाचित्रात त्या उताराचा सुमारे ९ मीटर रुंद तुकडा घसरलेला स्पष्ट दिसतो. पुढची चार वर्षं हातात होती, हे मला फार अस्वस्थ करतं.

धरणांच्या तपासणीचा कायदा अमेरिकेत १९७२ पासून होता, पण अंमल रखडला होता. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वतः जॉर्जियाचे. या दुर्घटनेनंतर त्यांनी तपासणीचे आदेश दिले. १९८१ पर्यंत आठ हजारांहून जास्त धरणं पाहिली गेली आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश असुरक्षित निघाली. त्यांत खासगी धरणंही होती.

आपला धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. तो १५ मीटरहून उंच धरणांना सरसकट लागू होतो. १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटी आहेत. त्यांतली एक म्हणजे किमान १० लाख घनमीटर साठा. टोकोआत त्या रात्री सुटलेलं पाणी सुमारे पावणेआठ लाख घनमीटर होतं.