शिट्टी वाजली म्हणजे कुर्ली किंचाळली का?

कुर्ली, म्हणजे खेकडा, उकळत्या पाण्यात टाकली की बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि कुणीतरी हळहळतंच, "किंचाळली बिचारी." कुर्लीला ना फुप्फुसं ना स्वरयंत्र. कवचात अडकलेली हवा आणि वाफ फटींतून निसटते, त्याचा तो आवाज. पण म्हणून तिला काही जाणवतच नाही, असं धरून जिवंतपणी तिचे डेंगे (नांग्या) मोडायचे, हा मालवणी स्वयंपाकघरातला हिशेबही तितकाच कच्चा.

मग ठरवायचं कशावरून? तापल्या तव्याला बोट लागलं की हात मागे येतो तो मज्जारज्जूच्या हुकमाने. दुखल्याचं कळतं नंतर. म्हणजे प्राणी झटकन मागे सरला, एवढ्यावरून वेदना सिद्ध होत नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले रॉबर्ट एलवुड यांनी यावर जी युक्ती काढली, तिच्या मी प्रेमात आहे. त्यांनी निवडला शंखात राहणारा खेकडा. आपल्या पुळणीवर रिकामा शंख पाठीवर घेऊन तुरुतुरु पळतो, त्याचाच थंड समुद्रातला भाऊबंद. शंखाच्या आत तारा बसवून त्याच्या मऊ पोटाला विजेचा हलका झटका द्यायचा. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असेल, तर शंख कोणता आहे याने काय फरक पडणार? पण 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फरक पडला. नावडत्या जातीच्या शंखातले खेकडे जास्त संख्येने बाहेर पडले, आवडत्या शंखातले चिकटून राहिले. राहिलेल्यांपुढे दुसरा शंख ठेवला, तेव्हा झटका खाल्लेल्यांनी तो फारशी तपासणी न करता घाईने पटकावला. म्हणजे झटका संपल्यावरही त्याचा परिणाम उरला होता. पुढच्या एका प्रयोगात पाण्यात शिकारी खेकड्याचा वास मिसळला, तर शंख सोडणारे कमी झाले. झटका, घराची प्रत आणि जिवाचं भय यांची आत कुठेतरी तोलामोल होते. प्रतिक्षिप्त क्रियेला तराजू नसतो.

हा वेदनेचा अंतिम पुरावा नव्हे. वेदना असेल तर जसं वागणं अपेक्षित आहे तसं ते आहे, इतकंच. 'खेकडे माणसासारखे रडतात' छापाच्या व्हॉट्सअ‍ॅप पोस्टी सरळ पुसून टाकाव्यात.

दुखतं का हे पाहायला दुखवलंच ना, हा आक्षेप खरा आहे. तरी मी या प्रयोगांच्या बाजूने आहे, कारण खेकडा प्रश्नावली भरून देत नाही आणि नुसत्या निरीक्षणातून हा तिढा सुटला नसता. मात्र झटका सौम्य हवा, प्राणी कमीत कमी हवेत आणि उत्तर आल्यावर वागणं बदलायची तयारी हवी. नाहीतर ती निव्वळ छळणूक. ब्रिटनने अशा पुराव्यांच्या आधारे 2022 च्या कायद्यात खेकडे, शेवंड आणि माकूळ यांना संवेदनशील प्राणी मानलं. आपल्या 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव जीव, म्हणजे कुर्लीही आलीच. अन्नासाठी मारायला तो सूट देतो, पण अनावश्यक वेदना न देण्याच्या अटीवर. रश्शासाठी कुर्ली मरणारच आहे. डेंगे तिच्या मरणाआधी मोडायची गरज कोणत्या पाककृतीला आहे?